स्थलांतर आणि छक्कड

वाटेगावहून मुंबईला आलेले अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) गिरणीत राबले होते. ‘माझी मैना गावावर राहिली’ या त्यांच्या छक्कडीत पोटासाठी शहरात आलेला नवरा बायकोला आठवतो. सुरुवात शृंगाराची आहे. तमाशाच्या श्रोत्याला ती ओळखीचीच. पुढे मुंबईतली बेकारी येते आणि शेवटी बेळगाव-कारवार हातून गेलेला महाराष्ट्र. हा शेवट संयुक्त महाराष्ट्राच्या प्रचारासाठी जोडलेला वाटेल. मला तसे वाटत नाही: ज्याचे घर दुभंगले, त्याला प्रांत दुभंगल्याचे दुःख वेगळे समजवावे लागत नाही. मैना मात्र फक्त नवऱ्याच्या नजरेतूनच दिसते. दागिन्यांच्या वचनांनीही ती हसत नाही. का, ते छक्कड विचारत नाही. मागे राहिलेल्या बाईचे म्हणणे ऐकायचे तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावे लागते.