सॉफ्टवेअर शिकायला दोन वर्षं कशाला?

एम.एस्सी. झालंय, आकड्यांची भीती नाही, पण संशोधन माणसांवर करायचंय. मग संख्यात्मक सामाजिक शास्त्रात आणखी एक मास्टर्स करावी का? तुमच्यापैकी अनेकांना हा प्रश्न पडलेला असतो. घरचे विचारतात, "अजून किती शिकणार?" आणि त्यांचंही काही चुकत नाही. दोन वर्षं आणि फी, दोन्ही खऱ्याच आहेत.

माझी तक्रार अशा पदव्यांबद्दल नाही, त्या ज्या पद्धतीने विकल्या जातात त्याबद्दल आहे. माहितीपत्रक उघडा. आर, पायथन, स्टाटा, मशीन लर्निंग अशी यादी आधी दिसते. यातलं बरंचसं तुम्ही घरी बसून, फुकटात शिकू शकता. आर आणि पायथन मोफत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मूळ माहितीही नोंदणी करून संशोधनासाठी मिळते. फक्त यासाठी पदवी घेणार असाल, तर घेऊ नका.

मग पदवीत शिकायचं काय? एक उदाहरण बघू.

या सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हाच आकडा २६.३ होता. पाचव्या फेरीवर '२०१९-२१' असं लिहिलेलं असतं. ते वाचून कुणी म्हणेल, "कोविड असूनही बालविवाह घटले!" पण महाराष्ट्रातली पाहणी २०१९ मध्येच, म्हणजे साथीच्या आधी झाली होती. शिवाय २४ वर्षांच्या बाईचं अठराच्या आत झालेलं लग्न हे किमान सहा वर्षांपूर्वीचं असतं. म्हणजे हा आकडा कोविडबद्दल काहीच सांगत नाही.

आता भारांकांचं बघा. लहान राज्यांचे अंदाजही विश्वासार्ह यावेत म्हणून तिथे लोकसंख्येच्या मानाने जास्त घरं निवडली जातात. भारांक न लावता देशाची सरासरी काढली, तर ती चुकते. सॉफ्टवेअर मात्र कुरकुर न करता उत्तर देतं. कोड बरोबर, निष्कर्ष चूक!

विज्ञान शाखेतून आलेल्या आपल्यासारख्यांना खरी अडचण इथे येते. प्रयोगशाळेत मोजमाप आपण स्वतः करतो. इथे आकडा कुणीतरी दारात उभं राहून, कुणालातरी प्रश्न विचारून आणलेला असतो. प्रश्न काय होता, उत्तर कुणी दिलं, त्या वेळी सासू शेजारी बसली होती का, याने आकडा बदलू शकतो. ही नजर एकट्याने व्हिडिओ बघून येणं कठीण. त्यासाठी चूक दाखवणारं माणूस समोर लागतं.

म्हणून प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. नमुना निवड आणि प्रश्नावली तयार करणं हे स्वतंत्र विषय म्हणून शिकवतात का? प्रबंध सक्तीचा आहे का, आणि त्यावर मार्गदर्शक खरोखर वेळ देतात का? आणि समाजशास्त्र किंवा लोकसंख्याशास्त्र यांचा सिद्धांत शिकवतात, की नुसतं रिग्रेशन? मुंबईत देवनारला असलेली, १९५६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था असो की परदेशातला महागडा अभ्यासक्रम, कसोटी तीच लावा. नावावर जाऊ नका.

आणखी एक. काही विभाग पीएच.डी.साठी त्याच किंवा जवळच्या विषयातली मास्टर्स मागतात. तुमच्या विभागाची अट आधी वाचा. अट असेल, तर पदवीला कारण आहे. अट नसेल, संख्याशास्त्र पक्कं असेल आणि मार्गदर्शक मिळत असेल, तर थेट पीएच.डी.चा अर्ज करा.

शेवटी एक सोपी परीक्षा. तुमचा संशोधनाचा प्रश्न आजच एका वाक्यात लिहा. "मला डेटावर काम करायचंय" हा प्रश्न नाही. वाक्य जमलं, तर कोणती पदवी हवी, की नकोच, हे बहुतेक त्यातूनच कळेल. नाही जमलं, तर फी भरण्याआधी दोन महिने वाचन करा. ते नक्कीच स्वस्त पडतं.