सौंदर्याचे नियम आणि ‘नियम’ शब्दाचे दोन अर्थ

विलयनूर रामचंद्रन आणि विल्यम हर्स्टाइन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात कलानुभवाचे आठ नियम मांडले. मेंदूविज्ञानाच्या आधारे चित्र वा शिल्प घडवू पाहणाऱ्या कलावंताला ते आकर्षक वाटावेत, हे स्वाभाविक आहे. भारतीय वाचकाला तर ते अधिकच जवळचे वाटतात. कारण पहिल्या नियमाचे उदाहरण म्हणून लेखकांनी चोळकालीन पार्वतीची कांस्यमूर्तीच पुढे ठेवली आहे.

हा पहिला नियम अतिशयाचा. चौरस आणि आयत यांतील भेद ओळखावयास शिकविलेला उंदीर मूळ आयतापेक्षा अधिक लांबट आयताला जास्त प्रतिसाद देतो. स्त्रीदेहाचे पुरुषदेहाहून जे वेगळेपण, तेच मूर्तिकाराने वाढविले आणि म्हणून मूर्ती मनाची पकड घेते, असे हे प्रतिपादन आहे.

शिरूर अनंतपाळच्या शेजारी, निलंगा येथील नीलकंठेश्वर मंदिरावरील सुरसुंदरींना हा नियम लावून पाहावा. तो लागू पडतो. परंतु तो सर्वच सुरसुंदरींना सारखाच लागू पडतो, आणि अडचण नेमकी येथेच आहे. एका मूर्तीपुढे पाऊल थबकते, दुसरी केवळ हातच्या सवयीने कोरलेली वाटते; हा भेद नियमाला दिसत नाही. बाजारातील दिनदर्शिकेवरची अप्सराही तो तितक्याच निष्ठेने पाळते.

‘नियम’ हा शब्द येथे दोन अर्थांनी वापरला गेला आहे. निसर्गाचा नियम मोडता येत नाही. म्हणूनच त्याच्या आधारे बरेवाईट ठरविता येत नाही. व्याकरणाचा नियम मोडता येतो; पण तो पाळल्याने वाक्य शुद्ध होते, सुंदर होत नाही. रामचंद्रन यांचे नियम पहिल्या अर्थाचा अधिकार सांगतात आणि काम मात्र तिसरेच, मूल्यमापनाचे, करू पाहतात.

मराठी वाचकाला येथे मर्ढेकर आठवल्यावाचून राहणार नाहीत. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात आलेले संवाद, विरोध आणि समतोल हे त्यांचे लयनियमही अतिव्यापक आहेत, हा आक्षेप रास्तच होय. तथापि ते नियम कलाकृतीच्या घटकांमधील संबंधांकडे बोट दाखवितात. प्रेक्षकाच्या उत्तेजनाकडे नव्हे. टीकाकाराला त्यांच्याशी निदान वाद घालता येतो.

मेंदूची प्रत्यक्ष छायाचित्रे तरी हा प्रश्न सोडवितात काय? कावाबाता आणि झेकी यांच्या २००४ च्या प्रयोगात सुंदर चित्र पाहताना डोळ्यांच्या खोबणींवरच्या मेंदूभागाची क्रिया वाढल्याचे आढळले. पण कोणते चित्र सुंदर, हे त्या व्यक्तींनी प्रयोगापूर्वीच सांगितले होते. यंत्राने निवाडा नोंदविला, दिला नाही. (हा प्रयोगाचा दोष नव्हे, त्यावरून घाईने काढलेल्या अनुमानांचा आहे.)

विज्ञानाकडे सूत्रासाठी वळणाऱ्या चित्रकाराने ब्रिजेट रायली यांचे उदाहरण पाहावे. दृष्टिभ्रमाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. तरीही प्रकाशशास्त्राचा आपण कधी अभ्यास केलेला नाही, असे त्यांनी १९६५ साली स्पष्ट लिहिले. त्यांच्या ‘फॉल’ (१९६३) या चित्रातील वक्ररेषा खालच्या बाजूस दाटत जातात आणि डोळा क्षणभर अस्वस्थ होतो. रेषांच्या दाटीने डोळा का डळमळतो, हे विज्ञान सांगू शकेल. ती दाटी कोठवर न्यावयाची, हे मात्र रायली यांना चित्रापुढे उभे राहूनच ठरवावे लागले.