तांबट आळीतली दोन छायाचित्रं

पहिल्या छायाचित्रात हातोडी हवेत थांबलेली आहे. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी, सकाळची वेळ, उघड्या दारातून तिरपं आत आलेलं ऊन. कारागीर मांडी घालून बसलेत, पुढ्यात अर्धवट मठारलेलं तांब्याचं घंगाळ आहे आणि ते थेट भिंगात बघतायत. दुसऱ्या छायाचित्रात तेच कारागीर, तीच जागा, तसंच ऊन. इथे मात्र हातोडीच्या जागी नुसता एक करडा फराटा आहे आणि कारागिरांची नजर घंगाळाच्या काठावर खिळलेली आहे. पहिलं काढलं निकॉन डी४० वर, दुसरं रिको जीआर थ्रीवर. दोन्ही मी १२ बाय १८ इंचांत छापून घेतली आहेत, आणि हे रसग्रहण त्या दोन छापील छायाचित्रांचं आहे.

डी४० बाजारात आला २००६ च्या अखेरीस. सहा मेगापिक्सेल, फोकसचे जेमतेम तीन बिंदू, सोबत १८-५५ ची किट लेन्स. हौशी माणसाला परवडावा म्हणून बनवलेला हा डीएसएलआर. अनेकांच्या हातात आलेला पहिला ‘मोठा’ कॅमेरा हाच. जीआर थ्री २०१९ चा. चोवीस मेगापिक्सेल, न बदलता येणारी एकच लेन्स, झूम नाही, डोळा लावायला खिडकी नाही, बॅटरी आणि कार्डासकट वजन २५७ ग्रॅम. शर्टाच्या खिशात मावतो.

जुन्या-नव्याची तुलना निघाली की बहुतेकदा सेन्सर केवढा, या एका प्रश्नापाशी सगळं मिटतं. इथे तसं मिटत नाही. डी४० चा सेन्सर २३.७ बाय १५.६ मिलिमीटर, जीआर थ्रीचा २३.५ बाय १५.६. प्रकाश टिपायची जागा दोघांकडे जवळपास सारखीच. मग एवढा अवजड कॅमेरा आणि एवढा चपटा कॅमेरा यांत फरक कशाचा? आरशाचा. डी४० मध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागते, म्हणून निकॉनच्या एफ माउंटवर लेन्स बसवायची कडी सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटर पुढे असते. १८ मिलिमीटर फोकल लेंग्थची लेन्स इतक्या लांबून काम करणार म्हणजे तिच्यात जादा भिंगं घालून प्रकाशाला वळसा द्यावा लागतो, लेन्स फुगते. जीआरमध्ये आरसाच नाही. त्याची १८.३ मिलिमीटरची लेन्स सेन्सरच्या अगदी जवळ बसते, सहा भिंगांत काम भागतं आणि कॅमेरा बंद केला की ती आत मिटून जाते. अख्ख्या जीआरची जाडी ३३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे डी४० मध्ये नुसत्या आरशासाठी सोडलेल्या अंतराहूनही कमी. हे मला या कॅमेऱ्याच्या रचनेतलं सगळ्यात देखणं सत्य वाटतं.

पण आरशाने जागा अडवली ती फुकट नाही. डी४० ला डोळा लावला की दिसतो तो पडद्यावरचा देखावा नव्हे, खुद्द प्रकाश. घंगाळावरून उसळलेलं ऊन लेन्समधून आत येतं, आरशावरून वर चढतं आणि थेट तुमच्या बुबुळात उतरतं. एक्स्पोजर कसं येईल ते त्यात दिसत नाही. ते तुम्ही मनाशी ठरवायचं असतं. उन्हाचा पट्टा सांभाळायचा की चेहऱ्यावरची सावली, हा निर्णय खिडकीत डोळा असतानाच घ्यावा लागतो. शिकणाऱ्याला याहून चांगली शिस्त मला माहीत नाही.

आणि डोळा लावायचा म्हणजे कॅमेरा चेहऱ्यापाशी न्यायचा. समोरच्याला तुमचा चेहरा दिसेनासा होतो, काळं यंत्र दिसतं, आणि आपला फोटो निघतोय हे त्याला कळतं. शटरच्या आवाजाचं फारसं काही नाही. तांबट आळीत चहूबाजूंनी ठोके पडत असताना आरशाची टाळी कुणाला ऐकू जाणार? कॅमेरा उचलण्याची ती हालचाल मात्र ऐकू न येताही पोहोचते. मी दाराशी उभा राहून कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा कारागिरांनी हातोडी वर धरून विचारलं, “थांबू का?” पहिलं छायाचित्र त्या प्रश्नाचं आहे. नीट बघितलं तर डावा तळवा घंगाळाच्या काठावर सपाट टेकलेला दिसतो. काम चालू असताना तो असा राहत नाही, तो भांडं फिरवत असतो. खांदे किंचित मागे घेतलेत. हातोडी स्वच्छ, धारदार दिसते, पण त्याचं श्रेय शटरच्या वेगाला नाही. त्यांनीच ती थांबवली आहे. चौकटीच्या डाव्या कडेला दाराच्या लाकडाची काळी पट्टी आली आहे, कारण मी उंबऱ्याच्या बाहेर होतो. हे व्यक्तिचित्र आहे. आपण कसं दिसावं हे त्या माणसाने स्वतः ठरवलं आणि कॅमेऱ्याने ते आदराने उतरवून घेतलं.

दुसऱ्या छायाचित्रात मी आत आहे, त्यांच्या समोर जमिनीवर बसलेलो. जीआरची लेन्स फिल्मच्या हिशेबात २८ मिलिमीटरची, त्यामुळे लांब उभं राहून चालत नाही. लांबून माणूस ठिपक्याएवढा होतो. जवळ जाण्यावाचून गत्यंतर नसतं. या कॅमेऱ्यात स्नॅप फोकस नावाची सोय आहे: अंतर आधीच ठरवून ठेवायचं, दीड मीटर म्हणा, आणि बटण एका दमात पूर्ण दाबायचं. कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, ठरवलेल्या अंतरावर लगेच चित्र घेतो. जीआर हे नाव १९९६ मध्ये फिल्मच्या कॅमेऱ्यावर आलं, तेव्हापासून रस्त्यावर छायाचित्रं काढणारे या घराण्यावर जीव टाकतात, आणि जपानचे छायाचित्रकार दाइदो मोरियामा वर्षानुवर्षं याच घराण्यातले कॅमेरे घेऊन टोकियोत हिंडले, त्याचं कारण हेच असावं. कॅमेरा छातीपाशी धरलेला असतो, तुमचा चेहरा मोकळा असतो, बोलणं चालू राहतं. कारागिरांना फोटो निघतोय हे ठाऊक होतं, त्यांची परवानगी घेतलेली होती, तरी त्यांना थांबावंसं वाटलं नाही. इथे तळवा सपाट टेकलेला नाही. बोटं काठाला हुकासारखी धरून भांडं पुढच्या ठोक्यासाठी सरकवतायत. शटर एक तीसांश सेकंदाचा. कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाने माझ्या हाताचा कंप पोटात घेतला, म्हणून भिंत, भांडी, चेहरा सगळं ठाम उभं आहे. हलतेय ती फक्त हातोडी. स्थिरीकरण छायाचित्रकाराचा हात थांबवतं, कारागिराचा नाही. या चित्राचा सगळा जीव त्या करड्या फराट्यात आहे.

आता घंगाळाकडे या. मठारकामात हातोडीच्या प्रत्येक ठोक्याचा एक उथळ खळगा पत्र्यावर उमटतो, शेजारी शेजारी, रांगेने. त्यानेच पत्रा ताठ होतो. जीआरच्या छापील चित्रात डोळा अगदी जवळ नेला तर उन्हाकडच्या खळग्यांत एकेक इवला उजळ चौकोन दिसतो. तो दाराचा आहे. उघडं दार प्रत्येक खळग्यात वेगळं उमटलंय. डी४० च्या चित्रात त्याच जागी पांढरे ठिपके आहेत, काठावर तर ते एकमेकांत मिसळून गेलेत. यात जुन्याची कड घेण्यात अर्थ नाही. ३००८ पिक्सेल १८ इंचांवर पसरले की इंचाला १६७ येतात, ६००० पसरले की ३३३. शिवाय तीव्र उन्हातला तपशील राखून सावलीही वाचवायची ताकद २००६ च्या सेन्सरमध्ये कमी होती. सावलीतही तेच: जीआरच्या चित्रात मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता येते, डी४० च्या चित्रात तिथे रवाळ काळोख आहे. कुणी म्हणेल, तो काळोखच चेहऱ्याला उठाव देतो. देतो खरा. पण तो उठाव जीआरच्या फाइलमध्ये सावल्या खाली ओढूनही आणता येतो. डी४० च्या काळोखातून कॅलेंडर मात्र बाहेर काढता येत नाही.

रंगांबद्दल बराच भक्तिभाव ऐकू येतो. डी४० चा सेन्सर सीसीडी जातीचा, आणि सीसीडीचे रंग म्हणजे काही औरच, असं मानणारे पुष्कळ आहेत. डी४० मधून थेट निघालेल्या जेपेगमध्ये तांबं उबदार, लालसर दिसतं आणि ते मलाही आवडतं. पण दोन्ही कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल एकाच सॉफ्टवेअरमधून काढल्या, ऊन-सावलीचा समतोल जुळवला, की ते अंतर बरंच मिटतं. तो लालसरपणा मुख्यतः रंग शिजवणाऱ्या हाताचा आहे, सेन्सरचा नाही.

डी४० चा एक गुण मात्र आजही दाद देण्याजोगा आहे. त्याचा फ्लॅश सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत शटरशी जुळतो. या वर्गातले बहुतेक कॅमेरे दोनशे-अडीचशेवर थांबतात. आळीच्या तोंडाशी भर उन्हात उभ्या माणसाच्या डोळ्यांखालची सावली उजळायला तो छोटा फ्लॅश पुरतो. जीआर थ्रीत अंगचा फ्लॅश नाहीच.

माझा कौल असा. तपशील, अंधार, वजन या बाबतींत जीआर थ्री निर्विवाद पुढे आहे, आणि काम करणारा माणूस कामातच पाहायचा असेल तर दुसरा विचार करू नये. पण समोरच्याने तुमच्याकडे बघावं आणि त्याचं बघणंच टिपायचं असेल, तर डी४० अजूनही पुरा पडतो. भिंतीवर लावायला मी पहिलं चित्र निवडलं आहे.

कपाटात डी४० पडून असेल तर त्याची बॅटरी चार्ज करून बघा. किट लेन्सऐवजी ३५ मिलिमीटरची एफ १.८ जी ही डीएक्स लेन्स लावली तर सावलीतल्या कामाला मोठा आधार मिळतो. जुनी ५० मिलिमीटरची ‘डी’ लेन्स स्वस्त मिळते, पण डी४० च्या अंगात फोकसची मोटर नाही, तिचा फोकस हातानेच करावा लागेल. कार्ड ३२ जीबीच्या वरचं घेऊ नका, या कॅमेऱ्याची झेप एसडीएचसीपर्यंतच आहे. आणि जीआर घेणार असाल तर जादा बॅटरी त्याच दिवशी घ्या. एका चार्जिंगमध्ये सुमारे दोनशेच फोटो निघतात.