पापलेटाची चकाकी आणि छायाचित्रकाराची दृष्टी

अन्नाचे छायाचित्रण ही स्वतंत्र कला म्हणून आपल्याकडे रुजल्याला फार काळ लोटलेला नाही. तथापि १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेल्या पालघरच्या मुलखात, बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीपासून सातपाटीच्या बंदरापर्यंत, ताटावर मोबाईल धरलेली तरुण मंडळी आज ठिकठिकाणी आढळतात, आणि त्यांपैकी कित्येकांना ही विद्या रीतसर शिकावी, नामांकित व्यावसायिकांच्या कामातून स्फूर्ती घ्यावी असे मनापासून वाटते, हे मी सुचिन्ह मानतो. माझी हरकत आहे ती स्फूर्तीच्या जागी नक्कल येऊन बसते आहे, याला. संगमरवरी फरशी, काळी पाटी, चुरगळलेला तागाचा रुमाल हा सारा सरंजाम परमुलखातून उचलला जातो आणि त्यावर मांडलेले सुक्या बोंबलाचे कालवण आपल्याच घरी परके दिसू लागते.

वस्तुतः थोरांपाशी शिकण्याजोगे आहे ते निराळेच. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनने १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून जे चित्र घेतले, त्यात सजावट म्हणून काहीच नाही. नरसाळ्याच्या वक्र अंगावरून परतणारा उजेडच तिच्या वळ्यांना आकार देतो. त्या नरसाळ्याचे प्रयोजन ज्याला उमगले, त्याला सातपाटीचे पापलेट उमगेल. २०२३ साली राज्यमासा म्हणून जाहीर झालेल्या या माशाचे अंग म्हणजे आरसाच. त्यावर समोरून फ्लॅश टाकला की पांढरा डाग तेवढा हाती लागतो. उलट, खिडकीचा उजेड एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केला, तर मासा तो पुठ्ठाच अंगावर धारण करतो आणि खरी रुपेरी कांती उमटते. पुठ्ठा काळा घेतला की परांच्या कडा रेखल्यासारख्या होतात. मात्र बर्फातून काढलेल्या माशाचे तेज झपाट्याने ओसरते, म्हणून जाणते व्यावसायिक बदली वस्तू ठेवून प्रकाशाची तजवीज आधी करतात आणि मुख्य पदार्थ अखेरीस आणतात. हा संयम कोणत्याही भारी भिंगापेक्षा मोलाचा आहे.

आणि उस्ताद शोधण्यास दूर जाण्याचेही कारण नाही. डहाणूजवळच्या गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या वारली चित्रपरंपरेत पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा असतो. म्हणजे अन्नच तेथे रंग झालेले आहे, आणि चित्रात येते ती शिजलेल्या भाताची वाटी नव्हे, तर लावणी, मळणी, कांडण यांची अखंड हालचाल. आपल्या छायाचित्रांतून नेमके हेच निसटते. जबड्यात जबडा अडकवून दोरीवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या जोड्यांतून तिरपे ऊन आरपार जाते, घोलवडचा चिकू कापताच देठाशी चीक दिसतो. हे टिपणारे विरळाच.

बोईसरच्या खानावळीत पाळी सुटल्यावर कामगारापुढे येणारे स्टीलचे ताट हेही पापलेटासारखेच, भोवतालचे सारे अंगावर घेणारे. नळीदिव्याखाली, वाफेसकट, त्या हातांसकट टिपलेले त्याचे एक चांगले चित्र मला पाहावयाचे आहे.