तेराव्या स्तोत्रातले गाऱ्हाणे

बायबलच्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. त्यातले तेरावे अवघ्या सहा वचनांचे. परंपरा ते दावीदाचे मानते.

जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला त्याचा सूर ओळखीचा वाटेल. तुकोबांनी ज्यांना गुरू मानले त्या बाबाजी चैतन्यांची समाधी ओतूरला आहे, आणि विठ्ठलाला जाब विचारणारे तुकोबांचे अभंग इथल्या कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडत आले आहेत. १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हे स्तोत्र वाचताना तो पूल पायाखाली जाणवतो.

आरंभी नमन नाही, स्तुती नाही. एकच प्रश्न चार वेळा येतो: किती दिवस? पहिल्या दोन वेळा तो थेट देवाला केलेला आहे: मला विसरलास, तोंड फिरवलेस, ते किती दिवस? तिसऱ्या वेळी तो आत वळतो: मनाशीच मसलती करत, रोजचे दुःख उराशी धरून किती दिवस काढायचे? वरचढ झालेला वैरी येतो तो चौथ्या प्रश्नात. हा क्रम बोलका आहे. वैऱ्याच्या त्रासाहून देवाचा अबोला कवीला जास्त लागला आहे.

मग मागणे येते: माझ्याकडे बघ, उत्तर दे, डोळ्यांत उजेड दे, नाहीतर मी मेल्यात जमा. आणि नेमका याच ठिकाणी कवी देवाला ‘माझा’ म्हणतो. ज्याने पाठ फिरवली असे वाटते, त्यालाच माझा म्हणायचे, हा या स्तोत्राचा कणा. आपल्या माणसापुढेच गाऱ्हाणे घालता येते.

शेवटच्या दोन वचनांत सूर पालटतो. वैरी हटला, दुखणे सरले, असे कुठेही म्हटलेले नाही. तरी कवी देवाच्या दयेवर भरवसा टाकतो आणि गाऊ लागतो. मध्येच मंदिरातल्या याजकाने धीराचा शब्द दिला असावा, असे काही अभ्यासक मानतात. कारण काही असो, गाणे आले म्हणून वरचे चार प्रश्न खोडलेले नाहीत. शिवाय शीर्षकात हे स्तोत्र मुख्य गवयाच्या हवाली केले आहे. एकट्याची तळमळ, प्रश्नांसकट, सगळ्या मंडळीने गायची आहे.

आपल्या उपासनेत बहुतेकदा संकट सरल्यावरच साक्ष दिली जाते. हे स्तोत्र संकट चालू असतानाच तोंड उघडायला शिकवते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा पडलेला भाव, रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला निघताना वाटणारी बिबट्याची धास्ती, घरातले न बोललेले भांडण, हे सारे याच शब्दांत देवापुढे मांडता येते. वधस्तंभावर येशूनेही बाविसाव्या स्तोत्रातला, देवाने का टाकले हा प्रश्नच उच्चारला होता.

ज्याला अजून सहाव्या वचनापर्यंत पोचता येत नाही, त्याच्यासाठी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आहे. ते काळोखातच संपते, तरी पवित्र शास्त्रात मानाने उभे आहे. म्हणून पहिल्याच प्रश्नाशी अडलेली प्रार्थनाही पुरी प्रार्थना आहे.