क्षमेचे शब्द, क्रोधाचा स्वर

डोनिझेत्तीचे ‘आन्ना बोलेना’ हे संगीतनाट्य १८३० साली मिलान येथे प्रथम रंगभूमीवर आले. अखेरच्या प्रवेशात देहदंडाची शिक्षा झालेल्या राणीच्या कानी राजाच्या नव्या विवाहाचा जयघोष पडतो. त्या जोडप्याला ती दुष्ट म्हणते, पण सूड मागत नाही. ओठांवर क्षमा घेऊन कबरीत उतरते. चाल मात्र संतापाने उसळणारी आहे. ही विसंगती नव्हे काय? आमच्या मते हेच या कृतीतील सत्य होय. क्षमा म्हणजे क्रोध शमल्यावर लाभणारी शांती नव्हे. क्रोध धगधगत असतानाच केलेला तो निश्चय आहे. रूढीप्रमाणे हे कडवे दोनदा गायिले जाते. क्षमाही एकदा करून भागत नाही (मत्तय १८:२२).