कोटणिसांच्या कथेंतला चीन

परदेशांविषयीं लिहिण्याची आपल्या भाषेंत एक रूढ रीत पडून गेली आहे. प्रथम देशाचें क्षेत्रफळ, मग राजधानी, दोन मोठ्या नद्या, एक पर्वत, मुख्य पिकें, आणि शेवटीं तेथील राज्यकर्त्याचें नांव व त्याच्या चरित्रांतील दोनचार आख्यायिका. एवढें सांगून झालें म्हणजे त्या देशाचा परिचय झाला असें लेखकास वाटतें व वाचकासहि वाटतें. पुढें राज्यकर्ता बदलला कीं पुस्तक जुनें होतें. ह्या रीतीचा मोठा दोष असा कीं, तींत देश हा नकाशावरील एक रंग राहतो आणि पुढारी हाच त्या रंगाचा अर्थ होऊन बसतो. चीन म्हटला म्हणजे आपल्या सुशिक्षित कुटुंबांत काय आठवतें तें पाहावें : मोठी भिंत, अफू, माओ, आणि १९६२ ची चढाई. ह्या चार शब्दांपलीकडे त्या देशांत माणसें राहतात, तीं काय पेरतात, घरें कशीं बांधतात, मुलांचीं नांवें कशीं ठेवतात, ही जिज्ञासा क्वचितच कोणास होते.

वस्तुतः तो देश आंतून पाहिलेला एक मनुष्य आपल्याच सोलापुरांत जन्मला होता. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस ह्यांचें नांव सोलापुरांतल्या शाळकरी पोरासहि ठाऊक आहे. त्यांची कथा इंग्रजींत सांगितली गेली, हिंदी बोलपटांत दाखविली गेली, चीनमध्यें दगडांत कोरली गेली. आज आम्हांस परीक्षण करावयाचें आहे तें त्या कथेचें. त्या पुरुषाचें नव्हे. त्याच्या थोरवीविषयीं वाद नाहीं. प्रश्न एवढाच कीं, ज्यांनीं ज्यांनीं ही कथा सांगितली त्यांनीं तींतून आपल्याला चीन दाखविला काय ?

हकीकत थोडक्यांत अशी. कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरास जन्मले आणि मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून डॉक्टर झाले. १९३७ च्या जुलैंत जपाननें चीनवर युद्ध लादलें. चिनी सेनापति चू तेह ह्यांनीं पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साह्याची मागणी केली, आणि त्या सालचे राष्ट्रसभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस ह्यांनीं तें कार्य अंगावर घेतलें. सप्टेंबर १९३८ मध्यें पांच डॉक्टर मुंबईहून निघाले : स्पेनच्या यादवींत जखमींची शुश्रूषा करून आलेले अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुकर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. वाटेंतच कोटणिसांस वडिलांच्या निधनाची वार्ता कळली; ते परतले नाहींत. १९३९ च्या आरंभीं हें पथक येनानला पोंचलें. पुढें कोटणीस उत्तरेकडील लढाईच्या प्रदेशांत गेले आणि कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून ह्यांच्या स्मरणार्थ नांव दिलेल्या रुग्णालयाचे जानेवारी १९४१ मध्यें प्रमुख झाले. तेथेंच परिचारिकांच्या शिक्षिका गुओ चिंगलान ह्यांच्याशीं त्यांनीं विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टांत पुत्र झाला आणि त्याच वर्षीं ९ डिसेंबर रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, अपस्माराच्या झटक्यांनीं त्यांचा अंत झाला.

ह्या कथेचे पहिले मोठे निवेदक ख्वाजा अहमद अब्बास. त्यांचें ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हें पुस्तक १९४४ सालीं निघालें. पांच गेले आणि एक परतला नाहीं, हें सांगणारें शीर्षकच पुस्तकाचें अर्धें काम करतें. तो काळ लक्षांत घ्यावा. नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवान होते. राष्ट्रसभेची वाणी बंद होती. आणि अशा वेळीं एका पत्रकारानें आपल्या लोकांस सांगितलें कीं, तुम्ही परतंत्र असतांनाहि तुमच्यांतील एक जण दुसऱ्या राष्ट्राच्या स्वातंत्र्यासाठीं झिजून मेला. ह्या सांगण्याचें मोल फार मोठें होतें. परंतु तें सांगणें हिंदुस्थानासाठीं होतें. चीन समजावून देणें हा त्याचा मुख्य हेतु नव्हता. अब्बासांनीं ती भूमि स्वतः हिंडून पाहिलेली नव्हती. परत आलेल्यांच्या तोंडून जें कळलें त्यावर त्यांस विसंबावें लागलें. त्यामुळें चीन हा येथें पडद्यामागील देखावा झाला आहे, आणि त्या देखाव्यापुढें एक तेजस्वी हिंदी तरुण उभा आहे.

ह्याच पुस्तकाच्या आधारें १९४६ सालीं शांताराम बापूंनीं राजकमल कलामंदिरातर्फे ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला. नायकाची भूमिका त्यांनीं स्वतः केली, चिंग लानची जयश्रीबाईंनीं, आणि संगीत वसंत देसायांचें होतें. चिनी नायिका हिंदुस्थानी बोलते व गाते ह्याबद्दल आम्ही तक्रार करणार नाहीं. तो रंगभूमीचा संकेत आहे, आणि संस्कृत नाटकापासून आपण तो मानीत आलों आहों. चित्रणांतील जोम, वेग व कळकळ हीं कोणीहि नाकारूं शकणार नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे. ह्या बोलपटांत नायकाचा मुख्य पराक्रम म्हणून काय दाखविलें आहे ? प्लेगच्या साथीवर त्यानें मिळविलेला जय, आणि जपानी तुकडीच्या हातीं सांपडून त्यानें करून घेतलेली सुटका. म्हणजे एक डोळ्यांस दिसणारा शत्रु, एक चमत्कारिक औषध आणि एक पलायन. दिग्दर्शकास नाट्य हवें असतें, हें आम्ही जाणतों. पण ज्या खऱ्या कष्टांत ह्या माणसाचें आयुष्य खर्ची पडलें ते निराळे होते. खेड्यांतल्या घरांत टेबल मांडून रात्रंदिवस शस्त्रक्रिया करणें, शत्रु जवळ आला कीं सगळें रुग्णालय उचलून दुसऱ्या खेड्यांत नेणें, आणि ह्या धांवपळींत तरुण चिनी विद्यार्थ्यांस शस्त्रवैद्यक शिकविणें, हें त्यांचें नित्यकर्म होतें.

कोणी म्हणेल, कलाकृतींत कल्पिताला जागा असावीच. इतिहासाचा ताळेबंद घेऊन कोणी बोलपट पाहावयास जात नाहीं. हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. कल्पिताचा आम्हांस मुळींच विटाळ नाहीं. मात्र कल्पितानें सत्यापेक्षां मोठें व्हावें, निदान त्याच्या बरोबरीचें तरी असावें. येथें एका दुर्मिळ शौर्याच्या जागीं सर्वांच्या परिचयाचें, ठराविक शौर्य बसविलें गेलें आहे. ह्या माणसाचें दुर्मिळ शौर्य कोणतें ? आमच्या मतें त्यानें चिनी भाषा शिकून घेतली हें. सोलापुरास वाढलेला आणि इंग्रजींतून वैद्यक शिकलेला हा तरुण थोड्याच वर्षांत चिनी बोलूं व वाचूं लागला आणि त्याच भाषेंत विद्यार्थ्यांना शिकवूं लागला. ज्या लिपींत अक्षरें मोजून संपत नाहींत ती लिपि, डोक्यावर विमानें घोंघावत असतां, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडांत शिकणें म्हणजे काय, ह्याची कल्पना ज्यानें पोटासाठीं कां होईना पण परकी भाषा शिकली आहे त्यास येईल. परदेशाशीं खरी सोयरीक होते ती भाषेच्या द्वारीं. तिला बोलपटांत जी जागा मिळावयास हवी होती ती तिला मिळाली नाहीं.

दुसरी उणीव भूगोलाची. येनानच्या भोंवतालचा मुलूख पिवळ्या मातीचा आहे. हजारों वर्षें वाऱ्यानें वाहून आणलेल्या त्या बारीक मातीचे थर इतके जाड आहेत कीं, लोक डोंगराच्या कुशींत आडव्या गुहा खोदून घरें करतात. तीं थंडींत ऊबदार व उन्हाळ्यांत गार राहतात. हीच माती वाहून नेल्यामुळें होआंग-हो नदीस पीतनदी हें नांव पडलें. येनानमध्यें बाँबवर्षावापासून माणसें वांचलीं तीं ह्या गुहांमुळें; म्हणजे तेथें भूगोल हाच किल्ला झाला होता. त्याहून मौजेची गोष्ट पुढेंच आहे. उत्तर चीनमध्यें काओलियांग म्हणून एक धान्य पिकतें. तें आपल्या ज्वारीचेंच भावंड. पाऊस थोडा आणि बेभरंवशाचा, म्हणून तेथेंहि शेतकऱ्याची भिस्त असल्याच कणखर पिकांवर. उन्हाळ्याच्या अखेरीस हीं ताटें पुरुषभर उंचीच्याहि वर गेलीं म्हणजे गनिमी सैनिक त्यांत लपत, आणि लोक त्या शेतांस हिरवा पडदा म्हणत. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानांतून फिरलेल्या माणसास हा पडदा किती ओळखीचा वाटला असता ! एक ज्वारीचें कणीस दाखविलें असतें तर सोलापूर आणि चीन ह्यांमधील अंतर शंभर भाषणांनीं कमी होणार नाहीं इतकें कमी झालें असतें.

तिसरी उणीव इतिहासाची, आणि ती दोन्ही बाजूंची आहे. चीनशीं पश्चिम हिंदुस्थानाचा मोठा संबंध आला तो अफूच्या व्यापारानें. माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जाई, आणि तिच्या पैशावर मुंबईच्या कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या. इंग्रजांनीं चीनवर ज्या स्वाऱ्या केल्या त्यांत हिंदी शिपाई होते. त्याच मुंबई बंदरांतून १९३८ सालीं औषधांच्या पेट्या घेऊन पांच डॉक्टर निघाले, हें जाणून घेतलें म्हणजे त्या प्रवासाचा अर्थ पालटतो : तें नुसतें परोपकाराचें काम न राहतां जुन्या ऋणाची फेड होतें. इकडे, तसल्या फेडीस एक सोलापूरकर कां पुढें झाला असावा हें समजावयास सोलापूरचा इतिहास हवा. मे १९३० मध्यें ह्या शहरावर लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे हे चौघे येरवड्यास फांसावर गेले. कोटणीस तेव्हां विशींतले होते. परकीय सत्तेखालीं गांव कसें दबून जातें हें ज्या शहरानें अनुभविलें, त्यांतील तरुणास चिनी खेड्याचें दुःख पुस्तकांतून शिकावें लागलें नसेल, असा तर्क केल्यास तो वावगा होणार नाहीं.

आणखी एक गोष्ट निःसंकोचपणें बोललीच पाहिजे. १९४२ च्या जुलैंत कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. आपल्याकडील कथनांत ही गोष्ट बहुधा हलक्या आवाजांत सांगितली जाते. चीनमधील कथनांत ती मोठ्यानें सांगितली जाते. आपल्यास राष्ट्रसभेनें पाठविलेला देशभक्त हवा. त्यांस आंतरराष्ट्रीय बंधुभावाचा सैनिक हवा. दोघेहि खरें तेंच सांगतात, पण दोघेहि आपल्या मापाचा तुकडा कापून घेतात. कोणाचें मत आपणांस पटो वा न पटो, तें लपवून त्या माणसाचें चित्र पुरें होत नाहीं.

सुदैवानें पुढच्या काळांत दोन पुस्तकें अशीं आलीं कीं, त्यांनीं ही कथा पुन्हा जमिनीवर आणली. एक डॉ. विजयकुमार बसू ह्यांचें १९८६ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘कॉल ऑफ येनान’. दुसरें खुद्द गुओ चिंगलान ह्यांचें ‘माय लाइफ विथ कोटणीस’. पहिल्यांत सहप्रवाशाची दृष्टि आहे, दुसऱ्यांत सहधर्मिणीची. दोघांसहि नायक उभा करण्याची निकड नव्हती. त्यांनीं तो माणूस पाहिला होता. मराठी वाचकानें कोटणिसांपाशीं जावयाचें तर आधीं ह्या दोन दारांनीं जावें, आणि बोलपट मागाहून पाहावा, अशी आमची शिफारस आहे. तसें केल्यानें बोलपटाची गोडी कमी होणार नाहीं; त्यांत काय गाळलें गेलें तें मात्र कळेल.

आरंभीं पुढाऱ्यांच्या यादीचा दोष आम्हीं सांगितला, म्हणून पुढारी निरुपयोगी असें कोणी समजूं नये. चू तेह ह्यांनीं पत्र पाठविलें नसतें, नेहरूंनीं तें मनावर घेतलें नसतें, सुभाषबाबूंनीं निधि जमविला नसता, तर कोटणीस चीनला जातेच ना. पुढारी दार उघडतात. पण उंबरठ्यापलीकडच्या घरांत कोण कसें राहतें हें त्यांच्या चरित्रांवरून कळत नाहीं. १९६२ सालीं तें दार धाडकन् लागलें. त्यानंतर चिनी नेता भारतांत आला कीं कोटणिसांच्या नांवाचा उच्चार होतो, हार घातले जातात, आणि नेता परतला कीं दोन्हीकडे पुन्हा सीमेची गोष्ट चालूं होते. चीननें १९८२ मध्यें व भारतानें १९९३ मध्यें त्यांचें टपाल तिकीट काढलें; शिजियाझुआंगच्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमींत त्यांची समाधि आहे; सोलापुरांत महानगरपालिकेनें त्यांच्या राहत्या घराचें स्मारक केलें. हें सर्व योग्यच झालें. पण सत्कार हें ज्ञान नव्हे. ज्या देशाशीं आपली इतकी लांब सीमा आहे आणि ज्याच्याशीं आपला तंटा अजून मिटलेला नाहीं, त्याच्याविषयीं केवळ हार आणि तिटकारा ह्यांच्या आधारें मत बनविणें कोणत्याहि राष्ट्रास परवडणारें नाहीं. शत्रु मानावयाचें असलें तरी ओळख आधीं हवी. मित्र मानावयाचें असल्यास तर ती हवीच हवी.

म्हणून आमची मागणी एका पुस्तकाची आहे. आपल्या मुलांच्या हातीं देतां येईल असें चीनवरील एक मराठी पुस्तक कोणी लिहावें, आणि त्याचा आरंभ राजधानीपासून किंवा राज्यकर्त्यापासून न करतां बेथ्यून रुग्णालयाच्या एका खोलीपासून करावा. त्या खोलींतला जखमी शेतकरी कोणत्या मातींतून आला, त्याच्या शेतांत काय पिकत होतें, त्याच्या आज्यानें अफूचे दिवस कसे पाहिले, तो कोणत्या लिपींत नांव लिहितो, आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया करणारा हा परदेशी त्याच्याशीं त्याच्याच भाषेंत काय बोलतो, असा एकेक धागा धरून बाहेर पडावें. नद्या, प्रांत, राजवंश, क्रांति, पुढारी हीं सर्व आपोआप वाटेंत येतील आणि आल्यावर लक्षांत राहतील. कोटणिसांच्या मुलाचें नांव यिन्हुआ होतें. ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान व ‘हुआ’ म्हणजे चीन. तो मुलगाहि १९६७ सालीं ऐन तारुण्यांत वारला. त्या दोन अक्षरांचा अर्थ सांगणारें एक प्रकरण जरी अशा पुस्तकांत नीट उतरलें, तरी लेखकाच्या श्रमाचें चीज झालें असें आम्ही समजूं.